शेवटचे अकरा किलोमीटर

मृणालिनी ओटाहुहू या परदेशातल्या उपनगरात एका फार्मसीत काम करते. औषध हातात देण्याआधी ती लेबल तीनदा वाचते, आणि एखाद्या आजोबांना ऐकू येत नसेल तर काउंटरबाहेर येऊन सांगते. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ती घोड्यावर बसायला शिकली. टाकानिनी भागात तिच्या घराजवळ तबेला होता. रोज सकाळी ड्यूटीआधी तासभर लीद काढायची आणि त्या बदल्यात बिस्किट नावाच्या तांबड्या घोड्यावर बसायचं, असं ठरलं होतं.

तबेल्याच्या मंडळींनी दोन वर्षांपूर्वी एक बेत केला. सोन्याच्या खाणींच्या काळात, तापाच्या साथीत, एक स्वार खाणकामगारांसाठी औषधं घेऊन घोडे बदलत दोन दिवस दौडला होता. त्याच वाटेने चौघांनी टप्प्याटप्प्याने जायचं आणि औषधांची चामडी पिशवी डोंगरातल्या गावी पोचवायची. शेवटचा, अकरा किलोमीटरचा टप्पा मृणालिनीने मागून घेतला.

"बाकी कोणी काहीही करा," ती म्हणाली, "औषध मीच पोचवणार."

तिची मैत्रीण देवयानी नर्स. मृणालिनीच्या नादाने तीही घोड्यावर बसायला लागली. सुरुवातीला खाली बघायची आणि ओरडायची, "अगं, हा हलतोय!"

"हलणारच. सोफा आहे का तो?" मृणालिनी म्हणायची.

ऑगस्टमध्ये एकदा घोड्यावरून उतरताना मृणालिनीच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. हे तिने एकट्या देवयानीला सांगितलं. देवयानीच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. रक्तदाबाची गोळी बदलली, त्रास थांबला, डॉक्टरांनी घोड्यावर बसायला हरकत नाही असं लिहूनही दिलं.

"कोणाला बोलू नकोस हं," मृणालिनी म्हणाली.

"वेडी आहेस का? माझ्या पोटात राहील."

दौडीला दहा दिवस उरले असताना ग्रॅहमचा फोन आला. सगळी आखणी तोच करत होता. तुला चक्कर येते असं कळलं, शेवटचा टप्पा आता देवयानी करेल, नावं छापून झाली आहेत, असं तो जरा अवघडून म्हणाला.

मृणालिनी तशीच देवयानीकडे गेली.

"मी नर्स आहे गं. सांगावंच लागलं."

"मग डॉक्टरांचं पत्रही सांगायचंस. तू शेजारीच बसली होतीस ना?"

देवयानी ओट्यावरचा कप उगाच पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, "मलाही एकदा काहीतरी करून बघायचं होतं."

"माझ्याकडे मागितलं असतंस तर," मृणालिनी म्हणाली, आणि निघाली. शेवटच्या टप्प्याला घोडा बिस्किटच होता. त्या दिवशी त्याला धरायला ये, असं ग्रॅहमने सांगितलं तेव्हा घरी लेक ऋचा चिडून म्हणाली, "ममा, डोन्ट गो!" पण बिस्किट अनोळखी गर्दीत बिथरतो. म्हणून ती हो म्हणाली.

घोडा बदलायच्या जागी बरीच माणसं जमली होती. देवयानी पिशवी गळ्यात अडकवून बिस्किटवर बसली आणि दहा पावलं गेली. बिस्किटची एक खोड आहे. पोटाखालचा पट्टा आवळताना तो श्वास भरून पोट फुगवतो आणि चालायला लागला की सोडतो. खोगीर किंचित एका बाजूला गेलेलं मृणालिनीला दिसलं. इतर कोणालाच दिसलं नाही.

ती पुढे धावली. "थांब. पाय वर घे."

"आत्ता? सगळे बघतायत!"

"घे म्हणते ना."

तिने पट्टा दोन भोकं आवळला आणि बोट घालून पाहिलं. देवयानीचे डोळे भरून आले. "मला माहीत होतं, मृणाल, तू समजून घेशील."

"घोड्याला लागलं असतं," मृणालिनी म्हणाली. "मला फोन करू नकोस."

टाळ्या वाजल्या, देवयानी निघाली. तिसऱ्या टप्प्याचा घोडा घामाघूम होऊन तसाच उभा होता, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मृणालिनीने त्याचं खोगीर उतरवलं आणि त्याला गार करायला ती कुंपणाच्या कडेने फिरवत राहिली. रस्त्याकडे तिने पाठ केली होती.