निळा सदरा

दहावीच्या सुट्टीत मी मेहकरच्या एका संस्थेत इंटर्नशिप केली. दानात आलेले जुने कपडे धुऊन घड्या घालायच्या, एवढंच काम. तिथे एक म्हातारी रोज यायची. तिचा लेक वारला होता आणि सुनेनं त्याचे कपडे आम्हाला देऊन टाकले होते. “एक निळा सदरा पाह्यजे,” एवढंच ती म्हणायची आणि ढिगापाशी बसायची.

चौथ्या दिवशी मीच तो शोधून दिला. त्याची मळलेली कॉलर मी ब्रशनं घासली होती; संस्थेच्या ताईंनी ती कौतुकानं सगळ्यांना दाखवली होती.

म्हातारीनं सदऱ्यात तोंड खुपसलं. मग कॉलर हुंगली, बाह्या हुंगल्या.

“धुतला काऊन वं माय?”



तिनं माझ्यापेक्षा नीट घडी घातली आणि सदरा परत ढिगावर ठेवला.

“देऊन टाक कोणालेबी. आता हा त्याचा नाही राह्यला.”