डब्याच्या झाकणाएवढं परळ

आमच्या परळच्या नियोजन कार्यालयातले कारकून काका नकाशावर मेट्रो स्टेशनभोवतीचं वर्तुळ जेवणाच्या डब्याचं झाकण ठेवून काढतात. वर्तुळातल्या चाळींना पुनर्विकासात जास्त मजले मिळतात, कारण स्टेशन म्हणे चालत पाच मिनिटांवर! आमच्या चाळीला मात्र बंद गिरणीची भिंत आडवी येते. आईचे गुडघे दुखतात आणि वळसा अर्ध्या तासाचा. भिंतीत फाटक हवं म्हणून मी अर्जांवर अर्ज दिले.

"अगं पोरी, नकाशात भिंत आहे का कुठे?" काका म्हणायचे.

शेवटी त्यांना ओढून तिथे नेलं. त्यांनी डबा माझ्या हातात दिला, विटांच्या ढिगावर पाय ठेवला आणि सराईतपणे पलीकडे उडी मारली.

"दे डबा. मी रोज इथूनच येतो."

दुसऱ्या दिवशी अर्जावर त्यांचा शेरा होता : 'स्वतः चालून पाहिले. वाट उपलब्ध आहे. फाटकाची गरज नाही.'