भारतरावांचं साधं राहणं

नवीन जालन्यातल्या एका बियाणं कंपनीत भारतरावांची उभी हयात गेली. बी चाळणाऱ्या यंत्रांच्या खडखडाटात ते पाळीचे सुपरवायझर होते. ट्रक कधी लागणार, माल कधी निघणार, माणसं कमी का, असा दिवसभर फोन वाजायचा. ते निवृत्त झाले आणि फोन गप्प झाला. पहिल्याच आठवड्यात त्यांना कळलं, की आपल्याला नुसतं बसताच येत नाही. पेपर हातात घेतला की पाय हलायचे. मग उठून ते या खोलीतून त्या खोलीत फिरायचे आणि वस्तूंकडं बघत उभे राहायचे. दोन मिक्सर, घडी न मोडलेल्या चादरी, आहेरात आलेली भांडी, बंद पडलेला कूलर.

"एवढं कशाला जमवलं आपण?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मी न्हाई जमवलं. येत गेलं," दैवशालाबाई भाजी निवडत म्हणाल्या.

राजूरजवळच्या गावात भारतरावांच्या वाटणीच्या दोन पत्र्याच्या खोल्या आणि शेताचा तुकडा होता. तिकडं जायचं, लागेल तेवढंच ठेवायचं, घरचं पिकवून खायचं, असं त्यांनी ठरवलं. ठरवलं म्हणजे लगेच निघालेही. गाडी विकली. फ्रीज शेजाऱ्यांकडं गेला. सामान न्यायला महेमूद टेम्पो घेऊन आला. तो कंपनीचा माल वाहायचा, जुनी ओळख. उरलेली वॉशिंग मशीन भारतरावांनी त्यालाच देऊन टाकली. दैवशालाबाई तेव्हा दारात उभ्या होत्या.

गावात पहिले काही दिवस भारतराव खुशीत होते. गॅस बंद करून त्यांनी चूल मांडली. शेतातल्या कापसाच्या पऱ्हाट्या आणून रचून ठेवल्या. दुपारी मात्र पुन्हा तीच तगमग. मग ते कुंपण सोडून पुन्हा बांधायचे, माठाची जागा बदलायचे, शेणखताचा खड्डा खणून अर्ध्यातच सोडून द्यायचे. रोज घरातली एखादी वस्तू नकोशी व्हायची. एक दिवस त्यांनी मिक्सरही बाहेर काढला.

"तो ठेवा तिथंच," दैवशालाबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या. धुरानं त्यांचे डोळे लाल झाले होते. उजव्या मनगटाला फडकं गुंडाळलं होतं.

"पाटा आहे की आपल्याकडं."

"पाट्यावर कोण वाटतंय? चादरी कोण पिळतंय? तुमची ड्यूटी संपली, माझी डबल झाली. तुमचं साधं राहणं माझ्या मनगटावर चालू राह्यलंय."

दुसऱ्या दिवशी दैवशालाबाई पिशवी भरून संभाजीनगरला लेकीकडं, अर्पिताकडं, निघून गेल्या. कधी येणार ते सांगितलं नाही.

आता घरात खरोखरच कमीत कमी होतं. भारतरावांनी भाकरी थापली, ती तव्यावर फाटली. पिठल्याला धुराचा वास लागला. दोन दिवसांचे कपडे बादलीत भिजत राहिले. ते धुताना कंबर धरली आणि पिळताना मनगटं भरून आली. एवढं दैवशाला रोज करत होती, आणि आपण बाजेवर बसून तिला हवा-पाण्याचं महत्त्व सांगत होतो, हे आठवून त्यांचं तोंड कडू झालं. बसवेना, म्हणून चार वेळा वेशीपर्यंत जाऊन आले. शेवटी जालन्याची एसटी धरली. मशीन परत मागायची, असं मनाशी ठरवून.

महेमूद घरीच होता. आत मशीन घरघरत होती. त्याची बायको मेहरुन्निसा ओल्या चादरी बाहेर काढत होती. महेमूदची आई पडून होती. कमरेचं हाड मोडल्यापासून तिला उठता येत नव्हतं.

"ही मशीन नसती तर आम्ही मेलो असतो, भाऊ," महेमूद म्हणाला. "अम्मीचं रोजचं धुणं. अल्ला तुमचं भलं करो. बोला, कसं काय येणं केलं?"

"काही न्हाई. इकडं आल्तो, म्हणलं भेटून जावं."

चहा घेऊन भारतराव बाहेर पडले. गावाकडं परत जायला पाय वळेनात. तसेच ते संभाजीनगरच्या गाडीत बसले.

अर्पितानं दार उघडलं आणि आईला हाक मारली. दैवशालाबाई समोर येऊन बसल्या. मनगटाला पट्टा होता. भारतरावांनी घडलं ते सगळं सांगितलं, मागायला गेलो ते आणि न मागता आलो तेही.

"बरं केलं न्हाई मागितली ते," त्या म्हणाल्या. "मंग धुणं कोण धुणार?"

"मी."

"किती दिवस?"

"तू म्हणशील तितके."

"म्हणायला काय लागतंय. मला करून दाखवा. आन् गॅस चालू करा. धुरात मी बसणार न्हाई. चूल तुम्हाला लईच आवडत असंल तर तिच्यावर तुमचं पाणी तापवा."

दोघं गावी आले ते गॅस चालू करूनच घरात टेकले. हातपंपावर धुणं घेऊन बसलेल्या भारतरावांना बायका सुरुवातीला वळून वळून बघायच्या. "सायेब, कॉलर घासा जरा," म्हणून द्वारकाबाई शेजारून टोकायची. ते घासायचे. घर तसंच कमी वस्तूंचं राहिलं. फक्त काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे आता दोघं मिळून ठरवू लागले. मिक्सर राहिला. टीव्ही गेला, तो दैवशालाबाईंच्या म्हणण्यावरून.

भारतरावांचा जीव मात्र अजून थाऱ्यावर आला नव्हता. परसात दोघांनी गवार लावली. एवढी वर्षं बियाण्यात काढलेला माणूस, बी रुजायला वेळ लागतो हे त्यांना ठाऊक होतं. तरी दुसऱ्याच सकाळी ते वाफ्यापाशी उकिडवे बसून बोटानं माती बाजूला करत होते.

"उकरू नका," दैवशालाबाई मागून म्हणाल्या.

भारतरावांनी हात मागं घेतला, माती सारखी केली, आणि उठून वाफ्याला एक फेरी मारली. मग आणखी एक.