रिकाम्या हाताने परतणारा मुराळी

कंधारच्या सुमनबाईंच्या घरी लेकरं येतात ती एक दिवस जाण्यासाठीच. ज्याला आई-बाप नाहीत, किंवा असून नसल्यासारखे आहेत, अशा लेकराला कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायचं, हे काम नवरा गेल्यावर त्यांनी सरकारी रीतीने अंगावर घेतलं. शेजारीण म्हणायची, "दुसऱ्याची लेकरं वाढवून तुमाला काय मिळतं वं?" त्यावर सुमनबाई विचारायच्या, "तुमाला तुमच्या लेकाकडून काय मिळालं, ते आधी सांगा." मग शेजारीण पदर सावरत घरात जायची. जीभ अशी तिखट, पण लेकरू निघून गेलं की ह्याच बाईला दोन दिवस घास उतरायचा नाही.

दीपमाला, सगळ्यांची दिपी, आली तेव्हा तीन वर्षांची होती. आई नांदेडच्या दवाखान्यात वारली, बाप त्याआधीच. उरला एक मामा, मन्मथ, जळकोटजवळच्या खेड्यातला. हा मामा दर नागपंचमीला हटकून यायचा.

पंचमीला बहिणीला, लेकीला माहेरी न्यायला येतो तो मुराळी. मुराळ्याचा मान ठेवायचा, हे सुमनबाईंच्या हाडात मुरलेलं. त्या पुरण घालायच्या, वर तुपाची धार, निघताना टॉवेल-टोपी. मन्मथ भाचीला बांगड्या भरायचा, लिंबाच्या झोक्यावर बसवून झोके द्यायचा आणि ऊन उतरलं की म्हणायचा, "म्होरल्या पंचमीला नेतो बरं का माय." मग जळकोटची गाडी धरायचा. न्यायला आलेला मुराळी दरसाल रिकाम्या हाताने परतायचा, आणि सुमनबाई गावभर कौतुक सांगायच्या की मामा लई जीव लावतो. बाल कल्याण समितीपुढेही त्यांनी हेच सांगितलं. एकदा नव्हे, दरवेळी.

दिपी सात वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या कचेरीतला आनंदराज घरी आला. मुलांच्या चौकशीसाठी फिरणारा, शांत बोलणारा पोरगा. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "मावशी, मामा नेतो म्हणतो तोवर समिती दुसरं घर कसं बघणार? नातेवाईक आहे म्हणून सगळं थांबलंय. तान्ह्या लेकरांना घर लवकर मिळतं. मोठ्यांना..." पुढचं त्याने गिळलं.

सुमनबाई त्या दुपारी सुपातले तांदूळ तसेच ठेवून बसून राहिल्या. दिपीचं घोंगडं इतकी वर्षं भिजत पडलं होतं, आणि त्यात पाणी ओतणाऱ्यांत आपणही होतो, हे त्यांना आता कळलं. पोरगी शाळेत कुणाशी मैत्री करत नव्हती. "मी जानार हाय ना," म्हणायची. पंचमी झाली की पुढे कितीतरी दिवस ती गाडीचा आवाज आला की दाराशी जायची. सुमनबाईंना ते लाघवी वाटायचं. आता तसं वाटेना.

त्या जळकोटला उतरून मामाच्या खेड्यात गेल्या. मन्मथचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. तीन पोरं, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, आणि बायको दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी. तिनेच चहा केला. मन्मथ वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. वाईट असता तर काम सोपं झालं असतं.

"अप्पा, पोरीला नेणार का? आज सांगा," सुमनबाई म्हणाल्या.

"म्होरल्या..."

"म्होरलं नगं. आज."

मन्मथ जमिनीकडे पाहू लागला. "अक्का, बहिणीनं जाताना हात धरला व्हता माजा. सोडून दिली तर लोक म्हनतील, मामानं माहेर तोडलं."

चुलीपासून त्याची बायको बोलली, "आमच्यानं न्हाई व्हत वं अक्का. मी कवापासून म्हनून राहिले ह्येनला, त्या लेकराला खरं सांगा. उगं तोंडाला पानं पुसू नका."

मन्मथचं झालं होतं धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्याने हळूच विचारलं, "दुसऱ्याला दिली तर मला पंचमीला जाता यील का?"

हो म्हणावं, असं सुमनबाईंच्या फार मनात आलं. पोरीचा रक्ताचा हा एकच धागा, आणि तो तोडायला आपण एसटीने आलो, ह्याची त्यांना लाज वाटली. तरी काळजावर धोंडा ठेवून त्या म्हणाल्या, "न्हाई. ती कुठं हाय ते बी सांगनार न्हाईत. पर खरं काय ते पोरीला तुमीच सांगा. मी सांगितलं तर तिला वाटंल, मीच तुमाला हाकललं."

पंचमीला तो आला. सुमनबाईंनी ताट वाढलं नाही, आधी दिपीला त्याच्यापुढे बसवलं. मन्मथने दोनदा घसा खाकरला.

"दिपे, मी तुला न्हाई नेऊ शकत. म्होरल्या साली बी न्हाई. कंदीच न्हाई, माय."

पोरगी रडली नाही. तिने मामाकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "मग मी कुनाची वाट बघू?"

मन्मथ टोपीत तोंड घालून रडला. सुमनबाईंनी त्या एवढ्या मोठ्या पोरीला मांडीवर ओढलं. "तू आता कुनाचीच बघू नगं. तुजी वाट बघून ऱ्हायलेलं कुनीतरी असंल, त्येला आमी हुडकतो." तेव्हा कुठे दिपीने हंबरडा फोडला. सुमनबाईंनी तिला गप्प केलं नाही. रडण्यासारखंच होतं ते.

मन्मथने नांदेडला समितीपुढे तेच सांगितलं, खाली मान घालून. मग कायद्याने थांबायचं तेवढं थांबणं झालं, आणि पुढच्या उन्हाळ्यात एक जोडपं मिळालं. मोठी पोरगीच हवी म्हणणारं, म्हणजे देवमाणसंच. आधी फोनवर बोलणं, मग भेटी, असं करत दिपी हळूहळू त्यांच्याजवळ बसू लागली. न्यायला आले त्या दिवशी ती नव्या आईचं बोट धरून गाडीत बसली. सुमनबाई दारात हसत उभ्या होत्या. गाडी वळल्यावर त्यांनी आत येऊन कडी लावली आणि मनसोक्त रडून घेतलं.

दिवेलागणीला त्यांनी मन्मथला फोन लावला. "गेली, अप्पा. चांगली मानसं हायत."

कुठे गेली, असं त्याने विचारलं नाही. तो एवढंच म्हणाला, "अक्का, तितं तिला मामा हाय का?"

नव्या आईचा भाऊच गाडी चालवत आला होता. दिपीला झोप लागली तर असावी म्हणून त्याने मागच्या सीटवर उशी ठेवली होती.

"हाय," सुमनबाई म्हणाल्या.

"मंग बरं झालं," मन्मथ म्हणाला. फोन मात्र त्याने ठेवला नाही, आणि सुमनबाईंनीही नाही.