लेकीच्या घरचं पाणी

चिचगडहून उगवतीला जंगलाची वाट धरली की तासाभराने एक नाला लागायचा. इंग्रजांच्या अमलात या नाल्याच्या अलीकडे सरकारी मुलूख आणि पलीकडे एका छोट्या राजाची रियासत. दोन्हीकडे मोहाची झाडं तीच, बोली तीच, डासही तेच. पण आपला मुलूख म्हणजे परदेश, तिथे कुणीही उठून यावं असा नव्हे, हे राजाला जगाला दाखवायचं होतं. म्हणून त्याने नाल्याच्या अलीकडच्या काठावर जागा मागून घेऊन नाका बसवला होता. एक गवताची झोपडी, एक बांबूची आडकाठी आणि तिच्यामागे उदाराम नाकेदार.

बाहेरच्या माणसाला रियासतीत मुक्काम करायचा तर पास लागे. पास मिळे राजाच्या कचेरीत, कचेरी होती रियासतीच्या आत, आणि आत जायला लागे पास. हा कायदा ज्याने लिहिला त्याला पायी कुठे जावं लागत नसणार. नातेवाइकाच्या हाती अर्ज पाठवला तर दोन-तीन महिन्यांत पास येई. तोवर ज्याच्या लग्नाला जायचं त्याच्या घरी पाळणा हललेला असे.

मात्र राजाच्या आजोबांनी घालून दिलेली एक सवलत होती. रियासतीतल्या कुणाचा पाहुणा असेल त्याला तीन रात्री पासाशिवाय राहता येई. अट एकच. यजमानाने नाक्यावर यायचं, आपल्या घरचं पाणी आणायचं आणि ते पाहुण्याने नाकेदारादेखत प्यायचं. एकदा पाणी प्यायला की तो त्या घरचा झाला. त्याने काही आगळीक केली तर जाब यजमानाला.

उदाराम आडकाठीवर हात ठेवून विचारी, "कोनाचे पाहुणे?"

पाहुणा यजमानाचं नाव सांगे. यजमान म्हणे, "माहे पाहुणे जी," आणि लोटा पुढे करी. पाणी घशाखाली उतरलेलं दिसलं की मगच आडकाठी वर जाई. नुसते ओठ ओले केलेले उदारामाला चालत नसत. "गटकन आवाज आला पायजे," म्हणायचा. लोक हसत, चिडत, पण पीत.

उदाराम स्वतः चिचगडचा. अलीकडच्या माणसांचे चेहरे ओळखतो म्हणून रियासतीने त्याला ठेवलेला. वीस-बावीस वर्षं त्याने त्या नाक्यावर काढली, पण नाला ओलांडून पलीकडे कधी गेला नाही. जायला कारणच नव्हतं. बायको लवकर गेली. मागे राहिलेली एकुलती एक पोर, चंद्रकांता, त्याने एकट्याने वाढवली. संध्याकाळी तो घरी आला की ती भाकर वाढायची आणि विचारायची, "बाबा, आज कोन कोन आले?" मग उदाराम जेवता जेवता सगळे पाहुणे सांगायचा. कुणाचं पागोटं केवढं होतं, कोण पाणी पिताना ठसकला, कोणाच्या बैलाने आडकाठी खाल्ली. इतरांशी तोंड वाकडं करून बोलणारा हा माणूस पोरीसमोर असा खुलायचा की बघत राहावं.

चंद्रकांता नाल्यापलीकडे दिली. दोन कोसांवरचं गाव, घर चांगलं, जावई घनश्याम कष्टाळू. उदारामाच्या मनासारखं झालं, फक्त एक सोडून. त्यांच्या कुळात बाप लेकीच्या घरचं पाणी पीत नाही. लेकीच्या मांडीवर मूल खेळेपर्यंत तिच्या गावची वेसदेखील ओलांडत नाही. दिलेल्या घरून काही घेऊ नये, थेंबभरही नाही. चंद्रकांताच बाजाराच्या दिवशी नाक्यावर यायची. बापलेक नाल्याच्या वाळूत बसून बोलायचे. ती येताना पाण्याचा लोटा आणत नसे. आणायचा नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

अशातच शालीकराम आला. हाही चिचगडचा, उदारामाच्याच जातकुळीचा आणि त्याच्याइतकाच हट्टी. त्याची लेक पुष्पाबाई, एका मुलाची आई, पलीकडे सासरी तापाने पडली होती. जावई लोटा घेऊन हजर, पण शालीकराम पाणी पिईना.

"पोट्टीच्या घरचं पानी मी पेत नाही."

"मंग मी तुले सोडत नाही."

"काऊन? मी चोर आहो काय?"

"चोर नाही आहेस. पन पाहुनाही नाही आहेस."

शालीकराम नाल्याच्या काठी बसून राहिला. दुसऱ्या दिवशी पुष्पाबाईच घोंगडी पांघरून, दिराच्या खांद्याचा आधार घेत पलीकडच्या काठावर आली. बापाने अलीकडून ओरडून विचारलं, "जेवतेस काय?" तिने मान हलवली. एवढीच भेट. पुढे पोर बरी झाली, पण शालीकरामाने उदारामाशी बोलणं टाकलं. उदारामही वरून म्हणायचा, "कायदा तो कायदा." मात्र त्या दिवशी घरी आल्यावर त्याला भाकर गोड लागली नव्हती, हे खरं.

पुढल्या वर्षी चंद्रकांताला दिवस गेले. माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच ठरलं. आणि एका दुपारी घनश्याम धापा टाकत नाक्यावर आला. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्याला पाण्याचा तुंबा. रानात जाताना लोक सुकवलेल्या भोपळ्यात पाणी भरून घेतात, तो.

"मामाजी, कालपासून अडली आहे. सुईन म्हनते, कठीन आहे. तुमचंच नाव घेऊन राहिली."

उदारामाचा हात आडकाठीवर होता, तो तिथेच राहिला. नाक्यावरचा दुसरा शिपाई केवळराम म्हणाला, "दादा, जा ना! तुमालेच कोन अडवते?"

खरंच, कोण अडवणार होतं? आडकाठी त्याचीच. एकदा वाकून पलीकडे गेला असता तर राजाला काय कळणार होतं? पण उदारामाच्या डोळ्यांपुढे घोंगडी पांघरलेली पुष्पाबाई आली. तिच्या बापाला ज्याने वाळूत बसवलं, तो आज आडकाठीखालून चोरासारखा निसटणार? आणि नाही निसटलं, तर पोर तिकडे "बाबा, बाबा" करत असेल. आई तर नाहीच तिला. उदारामाला रडू फुटायच्या बेतात होतं, पण त्याने ते दाबलं.

"या तुंब्यातलं पानी कुठचं?" त्याने विचारलं.

"घरचंच. विहिरीवरून आनून भरलो."

"आन इकडे."

घनश्याम मागे सरला. "मामाजी, तुमी आमच्याकडचं…"

"आन म्हनलो ना!"

तुंबा हातात घेऊन उदाराम आडकाठीसमोर, पाहुणे उभे राहतात तिथे जाऊन उभा राहिला. केवळरामाला म्हणाला, "विचार मले."

"दादा, कायले…"

"विचार!"

केवळरामाने चाचरत विचारलं, "कोनाचे पाहुणे?"

"माह्या लेकीचा," उदाराम म्हणाला आणि तुंबा तोंडाला लावला. बापजाद्यांनी पाळलेलं सगळं त्याने एका घोटात गिळलं. गटकन आवाज आला. केवळरामाने आडकाठी वर केली आणि उदाराम बावीस वर्षांत पहिल्यांदा नाला ओलांडून गेला.

घनश्यामाच्या घरी पोचला तेव्हा बाया आत-बाहेर करत होत्या. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला जाता येत नाही. तो बाहेर कुडाला पाठ लावून बसला आणि म्हणाला, "चंद्रा, मी आलो वो."

आत कण्हणं थांबलं. थोड्या वेळाने तिचा बारीक आवाज आला, "बाबा… आज कोन कोन आले?"

उदाराम सांगू लागला. सकाळी एक कासार आला, त्याची पेटी एवढी मोठी. मग दोघं भाऊ आले, एकाच लोट्यासाठी भांडले. कळ आली की तिचा आवाज चढे, हा थांबे, मग पुढचा पाहुणा. आलेले संपले तसे न आलेलेही त्याने आणले. शेवटी म्हणाला, "अन् सगळ्यात मागून एक म्हातारा आला. लेकीच्या घरचं पानी पेला अन् आत आला."

आत ती रडली की हसली, बायांनाही कळलं नाही. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. दोघी सुखरूप.

उदाराम तीन रात्री राहिला आणि चौथ्या सकाळी निघाला. चंद्रकांता म्हणाली, "अजून राहा ना, बाबा." तो म्हणाला, "तीनच रात्री, माय." नाला चढून तो घरी गेला नाही, सरळ शालीकरामाच्या दारात जाऊन उभा राहिला.

"पोट्टीच्या घरचं पानी पेऊन आलो," तो म्हणाला. "तुले बसवलो होतो वाळूत. चुकलोच मी."

शालीकराम हातातली दोरी वळत राहिला. बस म्हणालाही नाही.

पण पुढच्या बाजाराच्या दिवशी तो नाक्यावर आला. पलीकडून पुष्पाबाई स्वतः लोटा घेऊन नाला उतरून आली. बापाने लोटा घेतला, तोंडाजवळ नेला आणि तसाच धरून उभा राहिला. चार लोक बघत होते.

उदारामाने आडकाठीवरचा हात काढला आणि सरळ पाठ फिरवून मोहाच्या झाडाकडे तोंड केलं.

केवळराम कुजबुजला, "दादा, पाहा ना. तुमच्यादेखत पायजे ना?"

"पाहून राहिलो," उदाराम झाडाकडे बघत म्हणाला. मग तसाच, पाठमोरा, त्याने विचारलं, "कोनाचे पाहुणे?"

शालीकरामाच्या हातातला लोटा अजून तोंडाशीच होता. मग पुष्पाबाई म्हणाली, "माहे पाहुणे जी."

गटकन आवाजाची वाट न पाहता, मागे न बघताच उदारामाने हात लांबवून आडकाठी वर केली.