पोट दुखतंय, सर!

आमच्या खो-खो टीममधल्या चौघी कुठं भेटल्या, की पाच मिनिटांत गाडी पोटदुखीवर येते. पन्नाशी आली आमची, पण ब्याण्णव-त्र्याण्णव सालच्या सांगलीच्या कॉलेजातले ते किस्से काही संपत नाहीत!

*

आमचे कोच सुभेदार सर. साताऱ्याकडचे, आर्मीतून रिटायर झालेले. पाळीत कुणी पाय पोटाशी घेऊन बसली की सांगायची, "पोट दुखतंय, सर." सर लगेच, काल काय खाल्लं म्हणून विचारत आणि ओवा चघळायला लावत. दर महिन्याला हेच चाललंय बघून एक दिवस ते थेट हॉस्टेलच्या मेसमध्ये घुसले आणि तिथल्या काकूंना जेवणावरून झाप झाप झापलं. काकूंनी त्यांना बाजूला नेऊन दोन वाक्यांत सगळं सांगितलं. सर दोन दिवस ग्राउंडवर फिरकले नाहीत!

*

तिसऱ्या दिवशी सर आले आणि अख्खी टीम एसटीनं मिरजेच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी छान समजावलं. गर्भाशय आतलं अस्तर बाहेर टाकायला आवळतं, म्हणून कळा येतात. तुमच्या वयात बऱ्याच जणींना होतं. शेक घ्या, रोज व्यायाम करा, नाश्ता बुडवू नका. गोळी लागलीच तर मला विचारून, आणि कळ सुरू होतानाच. गडाबडा लोळायची वाट बघू नका. दुखणं वाढतच गेलं तर मात्र तपासायला या.

सर बाहेर बाकावर. त्यांनी आत चिठ्ठी पाठवली, "त्या दिवसांत पळालेलं चालतं का? किती?" बाईंनी खाली लिहिलं, "चालतं. झेपेल तितकं." सर ती चिठ्ठी वर्षभर खिशात घेऊन फिरत होते.

*

शेकायची पिशवी एकीकडंही नव्हती. सरांनी आर्मीतली पाण्याची बाटली आणली, जाड खाकी कव्हरची. गरम पाणी भरलं की लय वेळ ऊब राहायची. साताऱ्याच्या मॅचला आमची बेस्ट प्लेअर, जतची मंगल, ती बाटली पोटाशी धरून बसली, मग उठली आणि चौघींना बाद केलं! समोरच्या टीमची तक्रार, बाटलीत काहीतरी औषध आहे. पंचांनी झाकण उघडून वास घेतला. सरांनी त्यांच्या कानात खरं काय ते सांगितलं. पंच हळूच म्हणाले, "माझ्या घरी दोन पोरी हायत. अशी बाटली कुठं मिळंल?"

*

मंगलचं सगळ्यांत जास्त दुखायचं. दिवाळीच्या सुट्टीला गेली, ती परत आलीच नाही. पत्र आलं, की लगीन झालं की पोट दुखायचं थांबतं म्हणून घरच्यांनी स्थळ बघितलंय, कॉलेज बंद. मला वाचून रडूच फुटलं. सर म्हणाले, चल.

जतला तिचे वडील ओट्यावरच भेटले. मान खाली घालून सर कसंबसं बोलले, "डॉक्टरांना इचारून आलोय. लगीन काय ह्याचं औषध न्हाई."

वडील शांतपणे म्हणाले, "आमच्यात सगळ्यांचं लग्नानंतरच थांबतंय."

मंगलची आई चहा घेऊन आली होती. कप खाली ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, "आवं, माझ्या लग्नाला वीस वर्सं झाली. माझं कुठं थांबलंय?"

वडील उठले. मग पायात चपला घालून स्टँडपर्यंत सोडायला आले. एसटीत मंगल खिडकीशी बसली आणि तिच्या शेजारी तिची आई, मिरजेच्या दवाखान्याचं तिकीट काढून.