उजव्या बाजूचा थेंब

वहिनीचा फोन आला तेव्हा मी उदगीरला शाळेत, सातवीच्या वर्गावर होते. "मीना, तुझे दादा गेले गं," एवढंच ती म्हणाली आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "आग लागली का?" वहिनी क्षणभर रडायचीच थांबली. "आग कशाची? चहा पिऊन राहिले होते. कप खाली ठेवला अन् तसेच मागं टेकले." दीड महिना झाला, त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते. पण खरं सांगायचं तर चाळीस वर्षं मी त्याच बातमीला भीत आले होते. माझा थोरला भाऊ उत्तम नांदेडच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या पोरांना शिकवायचा. घरी त्याची एक जुनी मोटरसायकल होती, दोन सिलिंडरची, दोन कार्बोरेटरची, आणि ते दोन्ही कार्बोरेटर आळीपाळीनं गळायचे. आज डावा, तर पुढच्या महिन्यात उजवा. पेट्रोल गळतंय आणि हा बाबा शेजारी पाट टाकून चहा पितोय, हे मी जन्मभर बघत आले. तो नुसत्या चहाच्या कपाशी जाईल असं माझ्या भित्र्या डोक्यात कधी आलंच नाही.

मी आठ वर्षांची असताना आमच्या शेजारच्या काकूंचा स्टोव्ह भडकला होता. काकू वाचल्या, पण त्यांचं ते दारातून ओरडत पळत येणं मी आमच्या उंबऱ्यावर बसून पाहिलं. त्यानंतर मला काडी ओढता येईना. आई करवादायची, "सासरी काय चूल आपोआप पेटणार हाय का तुझी?" दादा तेव्हा नुकता नोकरीला लागलेला. कुणीतरी भंगारात काढलेली ती गाडी त्यानं हातगाड्यावर घालून आणली होती आणि रविवार रविवार तिच्यापुढं बसून असायचा. एका रविवारी त्यानं मला जवळ बसवलं, कार्बोरेटरची खालची वाटी काढली आणि माझ्या तळहातावर एक सुई ठेवली. बोटाच्या पेराएवढीसुद्धा नसेल, पितळेची, टोकाला निमुळती. "वाटीत पेट्रोल भरलं की आतला तरंगता फ्लोट वर येतो, ह्या सुईला दाबतो, अन् पेट्रोल थांबतं. सुई झिजली नाहीतर मधी कचरा अडकला की थांबत न्हाई, मग गळतं. बस, एवढंच हाय." मी रडवेली झाले. "दादा, मला भ्या वाटतं." तो हसला नाही. म्हणाला, "भी की. लई भी. पेट्रोलला भ्यायलाच पाहिजे. पण डोळे मिटू नको, हात चालू दे." तोवर सगळे मला भिऊ नको, भिऊ नको म्हणूनच सांगत आले होते. त्या दिवशी मी भीत भीत, नाक मुरडत, ती सुई पुसून परत जागेवर बसवली. हात थंडगार पडले होते, पण बसवली.

त्याच्या दोन सवयी होत्या. गाडी थांबवली की टाकीखालचा पेट्रोलचा कॉक फिरवायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "बंद." दोन पावलं जायचा, परत वळायचा, वाकून बघायचा आणि पुन्हा म्हणायचा, "बंद." वहिनी म्हणायची, "एकदा सांगून ऐकत न्हाई व्हय ती गाडी?" दुसरी सवय कागदाची. रोज चहाच्या वेळी अंगणात गाडीखाली कोरा कागद अंथरायचा, बहुतेक पोरांच्या जर्नलचा पाठकोरा, कॉक उघडायचा आणि तासभर शेजारी बसायचा. मग कॉक बंद, बंद, आणि कागद उचलून आधी उजेडाकडं धरायचा, मग नाकाशी न्यायचा. डाग कुठल्या बाजूला, किती, ते पेन्सिलीनं त्याच कागदावर लिहायचा. वहिनीच्या डोक्याला त्या वासाचा ताप. उशीला पेट्रोल, टॉवेलला पेट्रोल… "माझ्या भाकरीला बी वास येतो," असं ती आल्यागेल्याला सांगायची. पुढं पुढं त्या घराला त्या वासाची इतकी सवय झाली, की तो कुणाला जाणवेनासा झाला. हे लक्षात ठेवा, कारण तेच पुढं आमच्या जिवावर उठणार होतं.

मला डीएडला प्रवेश घ्यायचा होता तेव्हा तो मला त्याच गाडीवरून नांदेडहून लातूरला घेऊन गेला. लोहा गाव मागं टाकलं आणि माझ्या पायाला गार लागलं. बघते तर सलवार पेट्रोलनं भिजलेली. मी किंचाळले. दादानं गाडी कडेला घेतली, कॉक फिरवला, "बंद." तेवढ्यात शेजारच्या शेतातून एक म्हातारे काका मदतीला आले, तोंडात पेटलेली बिडी! मला तर घेरीच आली. दादा दोन्ही हात पसरून त्यांच्यापुढं उभा राहिला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "काका, तेवढी बिडी तिकडं बांधावर निवांत पिऊन या. तवर आम्ही हितंच हाव." काका खरंच बांधावर जाऊन बसले. इंजिन गार होईपर्यंत दादानं मला रस्त्यावर फेऱ्या मारायला लावल्या, सलवार वाळावी म्हणून. मी रडत होते आणि तो सुई साफ करता करता मला मुलाखतीचे प्रश्न विचारत होता.

ह्या उन्हाळ्याच्या सुट्टीत गेले तेव्हा अंगणात गाडी उघडी पडली होती. उजवा कार्बोरेटर गळत होता. दादानं सुई चिमटीत धरली आणि ती खाली पडली. उचलली, परत पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा तो सुईकडं न बघता स्वतःच्या हाताकडं बघत बसला. हात थरथरत होता. मी त्याला घाबरलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "तुझ्या पोरांपैकी कुणाला बोलव की," मी म्हणाले. "नको. मास्तरचा हात कापतो म्हणून आयटीआयभर व्हायचं." मग म्हणाला, "तूच बसवतीस का, मीना?" आणि मी म्हणाले, "पुढच्या खेपेला नक्की." त्यानं टाकी रिकामी केली आणि गाडी झाकून ठेवली. नंतर तीनदा फोन केला, "कधी येऊन राहिलीस?" मी कधी पेपर तपासणीचं सांगितलं, कधी सासूबाईंच्या गुडघ्यांचं. सगळं खोटं होतं असं नाही. पण सुईची भीती नव्हती मला… त्याच्या हाताची होती. तो हात पुन्हा बघायला लागू नये म्हणून मी गेले नाही.

दादाच्या नावानं ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. दादाचा मुलगा राहुल पुण्याहून आलेला. त्याच्या मनात आलं, बाबांची गाडी फोटोशेजारी उभी करायची. दादाच्या जुन्या विद्यार्थ्यांनी ती उचलून बैठकीत आणली, हार घातला. रिकाम्या टाकीची गाडी कशी ठेवायची, म्हणून राहुलनं टाकी काठोकाठ भरली, कॉक उघडला, बाबांसाठी एकदा आवाज करावा म्हणून किका मारल्या. सुरू झाली नाही. तशीच ठेवून तो पाहुण्यांकडं गेला. कॉक उघडाच राहिला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, वडलांनी टाकी का रिकामी ठेवली होती ते!

बुद्धवंदना सुरू झाली. सगळे पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून. मूर्तीपुढं आणि फोटोपुढं मेणबत्त्या. आणि मला वास आला. मी स्वतःलाच दटावलं, बाई, तुला कुठं नाही येत तो वास? बाकी कुणाच्या चेहऱ्यावर काही नाही, घरच्यांना तो सवयीचा आणि पाहुण्यांना गाडीचाच वाटला असावा. मग माझी नजर खाली गेली. उजव्या कार्बोरेटरखाली सतरंजी काळी पडली होती आणि तो काळा डाग मेणबत्त्यांकडं सरकत होता. चार हातांचं अंतर. दाराकडं लहान पोरांना मांडीवर घेऊन बाया बसलेल्या. ओरडले असते तर सगळे एकदम उठले असते, कुणाचा तरी पाय मेणबत्तीला लागला असता… काकू दारातून पळत येताना दिसल्या, खरंच दिसल्या. डोळे मिटायला आले होते आणि मी ते मिटले नाहीत. उठले, माणसांमधून वाट काढत पुढं गेले आणि वंदना चालू असताना एकेक मेणबत्ती विझवली. मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, हे काय करून राहिलीस?" वंदना म्हणणारे भंतेजी थांबले. मी गाडीखाली हात घातला, कॉक फिरवला आणि माझाच आवाज मला ऐकू आला, "बंद." परत वाकून बघितलं. "बंद." मग म्हणाले, "पेट्रोल सांडलंय, सावकाश बाहेर चला." बाहेर अंगणात आल्यावर वहिनीनं मला मिठीत घेतलं.

मिठी सोडली आणि वहिनी पेटलीच. "ही गाडी घरात नको. आज माझं लेकरू, सगळे पाहुणे राख झाले असते. राहुल, उद्या भंगारवाल्याला बोलाव." राहुल मान खाली घालून उभा. तिचं काय चुकलं? काहीच नाही. पण गाडी गेली असती तर दादानं माझ्याकडं मागितलेलं एकमेव काम कायमचं राहून गेलं असतं. मी म्हणाले, "वहिनी, उद्या चहाच्या वेळेपर्यंत दम धर. कागदावर एक थेंब जरी दिसला तरी मी स्वतः फोन करते भंगारवाल्याला."

दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी केली आणि उघड्या अंगणात पान्यांचा डबा घेऊन बसले. डब्यात गोळ्यांच्या डबीत नवी सुई होती. त्यानं आणून ठेवली होती. खाली त्याचे कागद, सुतळीनं बांधलेले. शेवटच्या कागदावर पिवळट डाग आणि वेडंवाकडं अक्षर : "उजवा. सहा थेंब. सुई बदलणे. मीना येईल." दादा रे… मी तिथंच ओक्साबोक्शी रडले. मग डोळे पुसले. हात कापत होते, अगदी त्याच्यासारखे. सुई माझ्याही हातून दोनदा पडली. तिसऱ्यांदा बसली.

चार वाजता टाकीत लिटरभर पेट्रोल घातलं, खाली कोरा कागद ठेवला, कॉक उघडला. वहिनीला गॅस पेटवू दिला नाही, म्हणून चहा नव्हता. आम्ही तिघं तासभर बसलो. माझं लक्ष कार्बोरेटरच्या बुडाकडं, तिथं काही चमकलं की मी वाकून बघायची. तास भरला. बंद, बंद. कागद उचलायची माझी हिंमत होईना. वहिनीनंच उचलला, उजेडाकडं धरला, मग नाकाशी नेला. कोरडा होता. "वास बी न्हाई," ती म्हणाली. मला वाटलं, आता सुटकेचा श्वास सोडेल. तर ती पायरीवर बसली आणि तो कोरा कागद तोंडावर दाबून हमसून हमसून रडायला लागली. "तीस वर्षं नाक दाबून काढली गं मी… आता ह्यांचा वास बी बंद केलास."

गाडी अंगणातच आहे. मी उदगीरला परत आले. रोज पाच वाजता मी फोन करते. चहाच्या वेळी वहिनी कागद अंथरते आणि तासभर गाडीशेजारी पाटावर बसते, जिनं तीस वर्षं त्या गाडीला शिव्या दिल्या तीच. मी अजून भिते, लई भिते. विचारते, "वहिनी, कॉक?" ती म्हणते, "बंद." मी फोन कानाला तसाच धरून ठेवते. पलीकडं दोन पावलं वाजतात, ती परत वळते, वाकल्यामुळं तिला लागलेला दम ऐकू येतो, आणि मग ती पुन्हा म्हणते, "बंद."